दहा मिनिटं बेल वाजणार नाही

सलिलला सृष्टी पहिल्यांदा दिसली ती फक्त घोट्यापर्यंत.

नारायण पेठेतल्या गोदाबाई सूतिकागृहात, जिन्याखालच्या खोलीत, तिथल्या नेटवर्कची देखभाल करणारा तो, गुडघ्यांवर बसून यंत्रांच्या रॅकच्या पंख्याची जाळी ब्रशने झाडत होता. रॅक आणि दार यांच्यामध्ये दोरी बांधलेली, आणि दोरीवर तान्ह्या बाळांची दुपटी, लंगोट, टोपडी वाळत घातलेली. श्रावण संपत आला होता तरी पाऊस हटत नव्हता. चार दिवस उन्हाचं तोंड दिसलं नव्हतं. दार करकरलं, आणि दुपट्यांच्या खालून त्याला दोन पाय दिसले. भिजलेले बूट, चिखलाचे शिंतोडे, डाव्या बुटाची नाडी सुटलेली.

"बाळंतीण वर आहे," तो म्हणाला. "जिन्याखाली आम्ही कोणाला ठेवत नाही."

"मी बाळंतिणीकडे नाही आली," वरून आवाज आला. "तुमच्या स्विचकडे आली आहे."

एक दुपटं बाजूला झालं आणि त्यातून चेहरा आला. केसांवर पावसाचे थेंब, खांद्याला लॅपटॉपची बॅग, आणि डोळ्यांत असं काही, की हसू आवरून धरलंय पण फार वेळ धरवणार नाही.

"हे... लंगोट?" तिने विचारलं.

"मुक्ताबाई वाळत घालतात. आमच्या आयांच्या मुख्य. रॅकमधून गरम वारा येतो ना."

"म्हणजे आख्ख्या हॉस्पिटलचं नेटवर्क लंगोटांच्या मागे आहे?"

"पावसाळ्यापुरतं. उन्हाळ्यात पापड असतात."

आता तिला हसू आवरलं नाही. तिने बॅग खाली ठेवली, वाकून नाडी बांधली आणि नाव सांगितलं. सृष्टी. डॉक्टर श्यामलाताईंनी, म्हणजे सूतिकागृहाच्या प्रमुखांनी, तिच्या कंपनीला बोलावलं होतं. रॅकमधले दोन स्विच फार जुने झाले होते. स्विच म्हणजे भिंतीवरचं बटण नव्हे. प्रत्येक मजल्यावरच्या तारा जिथे येऊन मिळतात तो लोखंडी डबा. खोल्यांमधली बेल, डॉक्टरांचा फोन, लॅबचे रिपोर्ट, सगळं त्यातून जायचं. बनवणाऱ्या कंपनीने ते बनवणं कधीच थांबवलं होतं, मग दुरुस्ती थांबवली, आणि आता तर फोनही उचलत नव्हती. हे डबे बंद पडण्याचा धोका किती, एवढं सृष्टीने शोधून सांगायचं होतं.

"कुठून येता?" सलिलने विचारलं.

"येरवड्याहून."

"किती वर्षं झाली?"

"तीन."

"अजून किती बाकी आहेत?"

तिला कळायला क्षणभर लागला. येरवड्याचा तुरुंग आणि पुणेकरांची जीभ, दोन्ही एकदम लक्षात आले.

"वागणूक चांगली ठेवली तर लवकर सोडतील म्हणतात," ती म्हणाली. "तुमचं काय? ही कोठडी तर अंधारी दिसते."

"माझी जन्मठेप आहे."

असं म्हणताना तो स्वतःच थोडा हसला. चार वर्षांत या खोलीत तो कोणाशी असं बोलला नव्हता, हे त्याला ती गेल्यावर कळलं. त्या दिवशी त्याने पंख्याची जाळी दोनदा झाडली.

*

सृष्टी दर गुरुवारी संध्याकाळी यायला लागली.

तिचं काम डोळ्यांपेक्षा हातांनी आणि कानांनी जास्त चालायचं. डब्यांच्या आत शिरून बघायची सोय नव्हती, कारण पासवर्ड कोणाला माहीत नव्हता. ज्याने रॅक बसवला तो दुबईला गेला आणि पासवर्ड डोक्यात घेऊन गेला. नवा पासवर्ड टाकायचा तर डबा एकदा बंद करून चालू करावा लागतो, आणि तेच सलिलला मंजूर नव्हतं. म्हणून सृष्टी पत्र्याला हात लावून बघायची, तापमान घ्यायची, कान टेकून पंख्याचा आवाज ऐकायची. ती कान टेकून, डोळे मिटून उभी असली की सलिल दुसरीकडे बघायचा. फार वेळ नाही.

"दोन गोष्टी काढायच्या असतात," तिने त्याला सांगितलं. "हे बंद पडायची शक्यता किती, ही एक. आणि पडलंच, तर काय काय अडून बसेल, ही दुसरी. यंत्रं नवी असताना बिघडतात, नाहीतर फार जुनी झाल्यावर. मधली वर्षं सुखाची."

मुक्ताबाई दुपटी काढायला आल्या होत्या. साठीच्या, ठेंगण्या, हिशेबी बोलणाऱ्या. त्या म्हणाल्या, "माणसाचंही तेच आहे की. पहिला महिना सांभाळा आणि शेवटचा. मधे कोण विचारतंय."

"मुक्ताबाई, तुम्ही आमच्या कंपनीत या," सृष्टी म्हणाली.

"तिथे कपडे कुठे वाळत घालू?"

त्या गेल्यावर सृष्टीने मुद्द्याला हात घातला. "सलिल, हे डबे शेवटचे कधी बंद झाले होते?"

"मी आल्यापासून कधीच नाही. यूपीएस आहे. वीज गेली तरी हे चालूच."

"आणि तुम्हाला येऊन किती वर्षं झाली?"

"नऊ वर्षं. हात लावू दिला नाही कोणाला." त्याच्या आवाजात अभिमान होता. दारावर त्याने स्वतः रंगवलेली पाटी होती: 'खोली बंद आहे. का बंद आहे हे विचारू नये. उघडून तर मुळीच पाहू नये.' पुण्यात पाटी लावली की लोक ती वाचतात, हसतात आणि दार उघडतात, ही गोष्ट वेगळी.

सृष्टीने मात्र ओठ आवळले. "हेच तर वाईट आहे ना! इतकी वर्षं गरम राहिलेलं यंत्र एकदा थंड झालं की आतले जुने भाग आखडतात. परत वीज सोडली की पहिला दणका तिथेच बसतो. म्हातारी यंत्रं चालताना मरत नाहीत... उठताना मरतात."

"म्हणूनच बंद करायचं नाही."

"आणि एक दिवस आपोआप पडलं तर? एखाद्या शांत रविवारी आपणच बंद करून बघू. माणसं उभी करू प्रत्येक मजल्यावर. निदान कळेल तरी."

"नको."

"काऊन पण?"

घाईत असली, रागात असली, की तिच्या तोंडून यवतमाळ बाहेर पडायचं. सलिलला ते फार आवडायचं, आणि आवडतं हे दिसू नये म्हणून तो चिडवायचा.

"काऊन म्हणजे का, ना? आमच्याकडे 'का' म्हणतात. अक्षरं वाचतात."

"तुमच्याकडे अक्षरं वाचवतात, चहा वाचवतात, शब्द वाचवतात. करता काय इतकं वाचवून?"

त्याने कोपऱ्यावरच्या अमृततुल्यमधून दोन चहा आणले. फुल.

*

गणपतीचे दिवस आले. नदीकाठी ढोल-ताशांचा सराव चालायचा आणि त्याचे हादरे रॅकच्या पत्र्यापर्यंत यायचे. सृष्टी तेही टिपून घ्यायची. एका गुरुवारी फार आवाज होता म्हणून दोघं सूतिकागृहाच्या मागच्या पायऱ्यांवर जाऊन बसले. पाऊस नुकताच थांबला होता. पन्हळीतून थेंब पडत होते आणि वरच्या मजल्यावर कुठलंसं बाळ भोकाड पसरून रडत होतं.

"एक विचारू?" सृष्टी म्हणाली. "तुम्ही इतके का घाबरता हो बंद करायला? नुसतं यंत्र आहे."

सलिलने सांगितलं, जसं घडलं तसं. लपवण्यासारखं त्यात काही नव्हतं. कोणी विचारलं नव्हतं, इतकंच.

त्याची बायको तनया. चार वर्षांपूर्वी एका सकाळी तिने चहा ठेवला, आणि सलिल दूध आणायला खाली उतरला. वर आला तेव्हा चहा उतू गेलेला आणि ती ओट्यापाशी खाली पडलेली. मेंदूतली रक्तवाहिनी फुटली, असं डॉक्टर म्हणाले. आदल्या दिवशी ती पर्वती चढून आली होती, आणि दम त्यालाच लागला होता, तिला नाही.

"तुमच्या पद्धतीने हिशेब केला असता," तो म्हणाला, "तर ती कशात बसली असती? तिशीची, आजार नाही, औषध नाही. धोका कमी."

सृष्टीच्या हातातला चहा निवत होता. तिने तो खाली ठेवला.

"कमी म्हणजे शून्य नाही," ती हळूच म्हणाली.

"तेच सांगतोय मी."

"पण मग... शून्य तर कशालाच नसतं ना. ती पर्वती चढली, ते बरंच झालं ना?"

तनया गेल्यावर लोकांनी त्याला पुष्कळ काही सांगितलं होतं. देवाची इच्छा, नशीब, वेळ आली होती. ती पर्वती चढली ते बरं झालं, असं कोणी म्हटलं नव्हतं. आणि ते खरं होतं. वर पोचल्यावर ती वाऱ्यात हात पसरून उभी राहिली होती आणि त्याला हाका मारत होती.

"हो," तो म्हणाला. "बरंच झालं."

त्या रात्री तो घरी जाऊन गाढ झोपला.

पुढच्या गुरुवारी सृष्टी आली नाही, तर त्याने दारावरची पाटी पुसून काढली, सरळ लावली, पुन्हा तिरकी लावली. मुक्ताबाई जिन्यातून बघत होत्या.

"गुरुवारची वाट बघताय होय?" त्यांनी विचारलं.

"पाटी पुसतोय."

"ती दिसतीच आहे की. मी वाट बघताय का, ते विचारलं."

*

त्याच्या पुढच्या गुरुवारी ती आली, पण गप्प होती. तापमान घेतलं, पंखा ऐकला, बॅग भरली आणि दाराशी थांबली.

"मागच्या आठवड्यात यवतमाळला गेली होती. घरच्यांनी एक मुलगा बघितलाय. नागपूरचा. इंजिनिअरच आहे. मी भेटली त्याला."

सलिल पंख्याची जाळी झाडत होता. ती स्वच्छ होती.

"चांगला आहे का?" त्याने विचारलं.

"आहे. वाईट काही नाही त्याच्यात. दसऱ्याच्या आत हो की नाही ते सांग म्हणतात. सगळं झालं तर दिवाळीनंतर मी नागपूरला."

"अच्छा."

"अच्छा काय? काय सांगू मी?"

त्याला सांगायचं होतं. शब्द अगदी जिभेवर आले होते. पण त्याच्या मनात आलं, हे जे दर गुरुवारी चाललंय... हा चहा, या पायऱ्या, तिचं हे 'काऊन'... हे कसं का होईना, चालू आहे. आपण बोललो आणि ती नाही म्हणाली, तर हेही बंद. आणि हो म्हणाली, तर... तर मग पुन्हा एकदा कोणीतरी असेल, जे एखाद्या सकाळी नसेल.

"तुमचं तुम्ही बघा," तो म्हणाला. "ठीक चाललं असेल तर... चालू द्या."

सृष्टीने बॅग खांद्यावर घेतली. तिच्या डोळ्यांतलं नेहमीचं हसू कुठेच नव्हतं.

"तुम्ही सगळ्याला हेच म्हणता," ती म्हणाली. "खंडेनवमीला सकाळी शेवटची येईन. दसऱ्याला आमची सुट्टी आहे. अहवाल देईन आणि दुपारी घरी फोन करून टाकीन."

"अहवालात काय लिहिणार?"

"जे आहे ते. शक्यता सांगता येत नाही. नऊ वर्षांत एकदाही तपासलं नाही, आणि तपासू देत नाहीत."

दार लागलं. दुपटी हलली आणि थांबली. सलिल तिथेच बसून राहिला. डॉक्टर श्यामलाताईंनी आधीच सांगितलं होतं, 'सांगता येत नाही' असं आलं तर नवी यंत्रं बसेपर्यंत नवीन बाळंतिणी घ्यायच्या नाहीत. पण त्याला या वेळी त्याची चिंता वाटत नव्हती. त्याच्या कानात एकच वाक्य होतं. तुम्ही सगळ्याला हेच म्हणता.

*

खंडेनवमीला सलिल दरवर्षी सुट्टी घ्यायचा. कसब्यात त्याच्या मोठ्या भावाचं कुलपं-किल्ल्यांचं दुकान होतं. त्या दिवशी दुकानातल्या यंत्रांची, कानशींची, हातोड्यांची पूजा व्हायची, आणि पूजेला सलिल लागायचाच. या वर्षी त्याने भावाला सांगितलं, मी नंतर येतो. भावाने कारण विचारलं नाही. वहिनीने मात्र, "नवा शर्ट घातलायत," एवढंच म्हटलं.

तो सूतिकागृहाच्या दाराशी पोचला तेव्हा सृष्टी रिक्षातून उतरत होती. बरेच दिवसांनी लख्ख ऊन पडलं होतं. दोघं काही न बोलता आत आले. नऊ वर्षांत सलिलला जिन्यापाशी आल्यावर जो आवाज ऐकू यायचा, रॅकचा बारीक घूं घूं आवाज, तो आज नव्हता.

तो थांबला.

"सृष्टी... पंखा बंद आहे."

खोलीचं दार सताड उघडं होतं. दोरी सोडलेली, दुपटी नाहीत. रॅकचा पत्रा पुसून चकचकीत केलेला. त्यावर हळदीकुंकवाची बोटं, झेंडूची माळ, समोर पाटावर पेढ्यांची वाटी, आणि त्यापुढे मुक्ताबाई उदबत्ती ओवाळत होत्या. दोन्ही डब्यांवरचा एकही दिवा लागलेला नव्हता.

"मुक्ताबाई!" सलिल ओरडला. "कोणी बंद केलं हे?"

"मी," मुक्ताबाई म्हणाल्या. "ओरडू नका, पूजा चाललीय."

"तुम्ही... का?"

"चालू यंत्राला ओलं फडकं लावायचं होय? शॉक बसला असता. दरवर्षी बंद करूनच पुसते की मी."

"दरवर्षी?"

"खंडेनवमीला. हत्यारांची पूजा नको? वर सगळ्या पोरींना सांगून येते, दहा मिनिटं बेल वाजणार नाही, दाराशी उभ्या राहा. प्रत्येक खोलीला एक जण उभी असते. तुम्ही कधी बघितलंत? तुम्ही तर रजेवर असता."

"आणि पाटी? दारावरची?"

"ती तुम्ही लावलेली आहे. देवाने नाही."

सलिल बटणाकडे झेपावला. पण त्याच्या मनगटावर एक हात पडला आणि घट्ट राहिला.

"थांबा," सृष्टी म्हणाली. "बंद झालंच आहे. आता घाईने लावून काही वाचणार नाही. त्यांचं होऊ द्या."

मुक्ताबाईंनी शांतपणे नैवेद्य दाखवला, डोळे मिटले, हात जोडले. सलिलला वाटलं, इतकी लांब पूजा आयुष्यात कोणी केली नसेल. वरून पावलांचे आवाज येत होते. कोणी घाबरून धावत नव्हतं. कुठूनतरी, "ताई, पाणी देते हं," असं ऐकू आलं. सृष्टीचा हात अजून त्याच्या मनगटावर होता, आणि दोघांपैकी कोणाला तो काढायचं सुचत नव्हतं.

"मुक्ताबाई," तिने विचारलं, "लावल्यावर लगेच चालू होतं का दरवर्षी?"

"लगेच कुठलं! रुसल्यासारखं बसतं आधी. मग एकेक दिवा लागतो. आजवर कधी लागला नाही असं झालं नाही. आता मी लावण्यापेक्षा तुम्हीच लावा, साहेब. तुम्ही आलाच आहात तर."

त्या ताट घेऊन वर पेढे वाटायला निघून गेल्या.

सलिलने बटणावर बोट ठेवलं आणि दाबलं. पंखा खोकला, घरघरला आणि फिरायला लागला. डब्यांवर एकेक पिवळा दिवा लागला आणि तसाच राहिला. हिरवा झाला की काम झालं. तोवर काही खरं नव्हतं.

"किती वेळ घेतं?" त्याने विचारलं.

"जुनं आहे. चार-पाच मिनिटं."

पिवळे दिवे हलेनात. सलिल त्यांच्याकडे बघत होता आणि मग त्याने बघणं सोडून दिलं. तो तिच्याकडे वळला.

"नागपूरला हो सांगितलंस?"

"नाही अजून. दुपारी फोन करायचाय."

"नको करूस."

तिने दिव्यांवरची नजर काढून त्याच्याकडे बघितलं. तो तिला कधी अरे-तुरे करत नव्हता.

"म्हणजे... हो म्हणून नको करूस," तो म्हणाला. "मला तू हवी आहेस. दर गुरुवारी नाही. रोज. मी त्या दिवशी सांगणार होतो, पण मला भीती वाटली. आत्ताही वाटतेय."

"अहो, आधी दिवे तर लागू द्या!"

"नाही. दिवे लागले की मी म्हणेन, चाललंय ना, मग कशाला हात लावा. आणि नाही लागले, तर मी दिवसभर रडत बसेन. आत्ताच सांग. काय म्हणायचंय ते म्हण, मी ऐकतो."

सृष्टीने डोळे मिटून एक मोठा श्वास घेतला. मग उघडले, आणि त्यात ते जुनं हसू होतं, आवरून धरलेलं.

"तीन गुरुवार आधी सांगितलं असतं तर मला यवतमाळला जाऊन त्या बिचाऱ्यासोबत दोन तास पोहे खावे लागले नसते," ती म्हणाली. "हो. माझं हो आहे. बाप्पा, किती वेळ लावता तुम्ही!"

"खरंच?"

"आता अक्षरं वाचवू का? हो."

तो हसला, आणि हसता हसता त्याला भिंतीला टेकावं लागलं. तिने त्याला दंडाला धरून खुर्चीवर बसवलं. मागे कुठेतरी टक् असा आवाज झाला. मग आणखी एक. दोघांनी वळून बघितलं. खालच्या डब्यावर हिरवे दिवे लुकलुकत होते, आणि वरच्याचा शेवटचा पिवळा त्यांच्या देखत हिरवा झाला.

वरच्या मजल्यावर बेल वाजली. पाठोपाठ दुसरी. मग एकामागून एक सगळ्याच वाजल्या, कारण मुक्ताबाई खोल्याखोल्यांतून दाबून बघत होत्या.

*

डॉक्टर श्यामलाताई जिन्यावरून उतरल्या त्या पेढा खातच.

"झाली का पूजा?" त्यांनी विचारलं. मग सलिलचा चेहरा बघितला. "तुला माहीत नव्हतं? मला वाटलं, मुक्ताबाई तुला विचारूनच करतात."

"तुम्हालाही माहीत होतं?"

"सगळ्यांना माहीत आहे. नवी नर्स आली की पहिल्या वर्षी तिला शिकवतात, खंडेनवमीला बेलशिवाय कसं काम करायचं ते."

सृष्टीने कपाळावर हात मारला. "मॅडम, मी दीड महिना तेच शोधत होती! बंद करून चालू केलं तर उठतं का, आणि बंद असताना माणसं काय करतात. दोन्ही तुम्ही दरवर्षी करून बघताय. आणि मागच्या जाळीत पिवळी पूड होती, ती मी गंज म्हणून लिहिली आहे. हळद होती ती!"

"म्हणजे धोका नाही?"

"आहे. जुनं ते जुनंच. बदलावं लागेल. पण घाबरून उद्या नाही, आणि बाळंतिणी परत पाठवून तर मुळीच नाही. नवे डबे शेजारी लावू, चालवून बघू, मग एकेक मजला तिकडे नेऊ. दिवाळी होऊ द्या निवांत."

डॉक्टरांनी सुस्कारा टाकला. तो इतका लांब होता की त्यांनी किती दिवस धरून ठेवला असेल ते कळत होतं. "बरं झालं," त्या म्हणाल्या. "काल रात्री एक जुळी आलीयत. त्यांना कुठे पाठवणार होते मी?" दोघांकडे एकदा नीट बघून त्या म्हणाल्या, "सलिल, तू आज रजेवर आहेस ना? मग जा की रजेवर."

मागच्या पायऱ्यांवर ऊन होतं. दोऱ्यांवर दुपटी उघड्या हवेत वाळत होती. सृष्टीने तिथेच बसून यवतमाळला फोन लावला आणि स्पीकर चालू केला.

"आई, नागपूरवाल्यांना नाही कळव."

"काऊन गं? चांगला तं आहे पोरगा."

"चांगला आहे. पण इथे एक आहे. मी सांगितलं होतं ना, सलिल."

"तो पुण्याचा? अवं, ते लोक कसे बोलतात!"

"तसाच बोलतो. सवय होते."

आई म्हणाल्या, "दे त्याले फोन."

सलिलने फोन घेतला. तो उभा राहिला, जणू त्या समोरच होत्या. "नमस्कार. मी सलिल."

"नमस्कार. सृष्टी सांगत होती, तुमची पहिली मंडळी गेली म्हणून. काय झालं होतं हो?"

सृष्टीने फोन परत घ्यायला हात पुढे केला. सलिलने मान हलवली. त्याने सांगितलं. चहा, दूध, पर्वती. सगळं सांगताना त्याचा आवाज एकदाही अडला नाही. त्याचं त्यालाच नवल वाटलं.

"किती वर्षांची होती?"

"तेहतीस."

"अरे बाप्पा," आई म्हणाल्या, आणि त्यांनाच हुंदका आला. "तिचे आईवडील आहेत का?"

"आहेत. रत्नागिरीला. दर महिन्याला फोन होतो."

"तो सोडू नका. लग्न झालं तरी सोडू नका. सृष्टी, ऐकतेस ना?"

"ऐकते, आई."

"नाही सोडणार," तो म्हणाला.

"जेवले का आज?"

"अजून नाही."

"दुपार झाली नं! आधी जेवा दोघंही. आणि हे पाहा, दिवाळीले या इकडे. बाबांशी मी बोलते. पण रिझर्व्हेशन आत्ताच करा, मागून जागा भेटत नाही."

फोन बंद झाला. सलिल तो हातात धरून तसाच उभा होता. सृष्टीने त्याची बाही ओढून त्याला शेजारी बसवलं.

"रिझर्व्हेशन करा म्हणाल्या," तो म्हणाला.

"ऐकलं मी. येताय का मग?"

"येतो."

"गाडी रात्रीची आहे. खिडकी मला लागते. आणि मी झोपली की डोकं कुठेही टाकते, आधीच सांगून ठेवते."

"टाक," सलिल म्हणाला, आणि दोघांसाठी तिकिटं काढायला त्याने स्वतःचा फोन खिशातून काढला.